कारण : गांजा

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी कुठलाच विषय वर्ज्य नसतो. क्रिकेट, महापालिका, मधुमेह, मुलांच्या परदेशातल्या नोकऱ्या असं फिरत फिरत बोलणं कधी तरी गांजा-भांगेवर येतं आणि कट्ट्याचे दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘‘अहो, शंकराच्या आवडीची वनस्पती ती. औषधी आहे. इंग्रजांनी बदनाम केली.’’ दुसरा म्हणतो, ‘‘कसली औषधी? डोकं फिरतं माणसाचं. वेड्यांच्या इस्पितळात जाऊन बघा.’’

मला औषधांच्या इतिहासाची आवड असल्यामुळे या भांडणात माझी साक्ष काढली जाते. गंमत अशी, की दोघांनाही जे वाटतं ते फार जुनं आहे आणि दोघांचंही म्हणणं आपल्या देशात एकदा नीट तपासलं गेलं आहे. ‘वेड्यांच्या इस्पितळात जाऊन बघा’ हे तर सरकारने १८९३ साली अक्षरशः केलं. तिथे काय सापडलं, ते आज सांगायचं आहे. पण त्याआधी थोडं मागे जाऊ.

आपल्या मुंबईपासूनच सुरुवात करू. गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. पुढे मुंबईचं बेट त्याला पोर्तुगीज राजाकडून भाडेपट्ट्याने मिळालं. फोर्टमध्ये टाउन हॉलच्या मागे, आज जिथे नौदलाचं ‘आयएनएस आंग्रे’ आहे, त्या आवारात त्याचं घर होतं. हिंग, अफू, आंबा अशा हिंदुस्थानातल्या औषधी आणि फळांवर त्याने एक संवादरूप ग्रंथ लिहिला. तो १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात भांगेवर एक प्रकरण आहे. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाची गोष्ट त्यात येते. याच सुलतानाने १५३४ च्या तहात वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटं पोर्तुगिजांना दिली. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, इराण फिरून यायचं मनात आलं की आपण थोडी भांग खातो, असं तो पोर्तुगीज सरदाराला सांगत असे म्हणे.

मला त्यातली दुसरी नोंद अधिक मोलाची वाटते. ऑर्टाचे नोकर मालकाच्या नकळत भांग घेत. त्याने त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, कामाचा शीण जाणवत नाही, मन खूश राहतं आणि खा-खा सुटते. ही ‘खा-खा’ पुढे औषध झाली. गांजातला मुख्य नशीला घटक म्हणजे टीएचसी. तो प्रयोगशाळेत बनवून तयार केलेलं ड्रोनॅबिनॉल हे औषध अमेरिकेत १९८५ साली केमोथेरपीतल्या उलट्या-मळमळीसाठी मंजूर झालं आणि १९९२ साली एड्सच्या रुग्णांची मेलेली भूक जागवण्यासाठी. ऑर्टाच्या स्वयंपाकघरातली साक्ष खरी ठरायला सव्वाचारशे वर्षं लागली.

आपल्या वैद्यांना ही वनस्पती ठाऊक नव्हती असं नाही. शार्ङ्गधरसंहितेत ‘व्यवायी’ द्रव्याची व्याख्या आहे. जे पचण्याआधीच सगळ्या शरीरात पसरतं, ते व्यवायी. त्याची उदाहरणं दिली आहेत भांग आणि अफू. उदाहरणाला ही दोन द्रव्यं निवडणाऱ्याने त्यांचा परिणाम बारकाईने पाहिलेला असणार. विजया हे भांगेचं जुनं नाव आयुर्वेदात आजही चालतं.

पाश्चात्त्य वैद्यकात तिला नेलं ते विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने. १८३३ साली तो कलकत्त्याला आला आणि तिथल्या नव्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला. पुढे याच माणसाने हिंदुस्थानात तारायंत्र आणलं. कलकत्ता आणि मुंबई तारेने जोडली गेली ती त्याच्या देखरेखीखाली. १८३९ साली त्याने गांजावरचा आपला निबंध वाचला. त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. आधी त्याने इथले ग्रंथ आणि इथली माणसं यांच्याकडून माहिती गोळा केली. त्यात पंडित मधुसूदन गुप्त होते. मग कुत्री, मांजरं, बकऱ्या, मासे, गिधाडं अशा प्राण्यांवर प्रयोग केले. मांसाहारी प्राण्यांना नशा चढते, गवत खाणाऱ्यांना फारशी नाही, हे टिपून ठेवलं. माणसांना औषध दिलं ते त्यानंतर. संधिवात, धनुर्वात, पटकी असे रुग्ण त्यात होते. पिसाळलेलं कुत्रं चावलेला एक रुग्णही होता. तो वाचला नाही, पण त्याचे शेवटचे तास सुसह्य झाले, असं ओशॉनेसीने लिहिलं.

त्यातच चाळीस दिवसांच्या एका तान्ह्या मुलीची हकिगत आहे. तिला सारखे झटके येत होते आणि नेहमीचे सगळे उपाय थकले होते. गांजाचा अर्क थेंबाथेंबाने दिल्यावर तिचे झटके थांबले आणि ती बरी झाली. ही मुलगी लक्षात ठेवा. तिच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

ओशॉनेसीने अर्क विलायतेत नेला आणि लंडनचे औषधविक्रेते तो बाटल्यांतून विकू लागले. पण या औषधात खोट होती. एका बाटलीने गुण यावा, दुसरीने काहीच होऊ नये, तिसरीने माणूस बरळू लागावा! गांजातलं नेमकं कुठलं द्रव्य काम करतं, हेच माहीत नव्हतं, तर मात्रा ठरवणार कशी? शिवाय ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे इंजेक्शन देता येत नसे. सुई आली, मॉर्फिन आलं आणि गांजाचा अर्क फडताळात मागे सरकत गेला.

त्याच सुमारास त्याची दुसरी कीर्ती वाढू लागली होती. हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजेकसांनी भरली आहेत, अशी ओरड इंग्लंडमधले मद्यपानविरोधी लोक करू लागले. त्यांच्या हातात सरकारचेच वार्षिक अहवाल होते. १८९३ च्या मार्चमध्ये प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटात गेला आणि जुलैत सरकारने एक आयोग नेमला. तोच इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. सात सदस्यांपैकी तिघे हिंदी होते आणि मुंबई इलाख्यातून पंचमहालचे कलेक्टर ओमॅनी होते. आयोगाने देशभर हिंडून १,१९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ साली अहवाल दिला. त्याचे सात खंड झाले. एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ते आता सर्वांसाठी खुले केले आहेत.

मुंबई इलाख्याने या आयोगाला बरंच काही पुरवलं. इथली गांजाची लागवड मुख्यतः अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात होत असे. मुंबईचे जमीन महसूल, जकात आणि अफू यांचे कलेक्टर जेम्स कॅम्पबेल यांनी भांगेच्या धार्मिक स्थानावर एक टिपण पाठवलं. हे तेच कॅम्पबेल, ज्यांच्या गॅझेटिअरशिवाय आजही महाराष्ट्राच्या कुठल्याही जिल्ह्याचा इतिहास लिहिता येत नाही. लोक या पानाला पवित्र मानतात, ते काढून घेतलं तर फार मोठ्या समाजाला क्लेश होतील, असा त्यांचा सूर होता. जकातीचा अधिकारी असं लिहितो, तेव्हा त्यात सरकारी तिजोरीचीही थोडी काळजी असणार, हे वाचकाने मनात धरावं.

अहवालाचा कणा आहे तो इस्पितळांच्या चौकशीचा भाग. सारे खंड सलग वाचण्याचा धीर मला झाला नाही. हा भाग मात्र मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. १८९२ साली देशभरच्या वेड्यांच्या इस्पितळांत १,३४४ नवे रुग्ण दाखल झाले. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून गांजा-भांग-चरस लिहिलं होतं. म्हणजे दर सहा रुग्णांमागे एक. आकडा सरकारी, शिक्कामोर्तब झालेला. आयोगाने विचारलं, हे कारण लिहिलं कुणी?

उत्तर असं मिळालं. रस्त्यात बडबडत हिंडणारा माणूस पोलिसाला सापडतो. त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात. तिथे एक फॉर्म भरायचा असतो. नाव, वय, जात, धंदा आणि वेडाचं कारण. माणूस परगावचा, नातेवाईक कुणी नाहीत, तो स्वतः धड बोलत नाही. पण रकाना रिकामा सोडायचा नाही. मग विचारणा होते, गांजा ओढतो का? बैरागी, फकीर, भिकारी दिसला की उत्तर आधीच ठरलेलं. कारण : गांजा. पुढे इस्पितळाचा डॉक्टर फॉर्मवरून ते आपल्या रजिस्टरात उतरवतो. रजिस्टरांच्या बेरजा वार्षिक अहवालात जातात, अहवाल कलकत्त्याला जातो, तिथून लंडनला. पोलिसाचा अंदाज पार्लमेंटात पोहोचेपर्यंत वैद्यकीय सत्य झालेला असतो.

आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ झाला असं आपण म्हणतो, तेव्हा निदान एक अक्षर बदलायला कुणाचा तरी हात लागलेला असतो. इथे कुणाचाही वाईट हेतू नव्हता. प्रत्येकाने आपल्या हातात आलेल्या कागदावरून इमानाने उतरवून घेतलं होतं.

आयोगाने मग जे काम केलं, त्याबद्दल मला आदर वाटतो. त्या वर्षीच्या एकेका रुग्णाची त्याच्या गावी, त्याच्या माणसांकडे, शेजाऱ्यांकडे चौकशी करवली. कुणी आयुष्यात गांजाला शिवलेलाच नव्हता. कुणाला आधी वेड लागलं होतं आणि गांजा नंतर आला होता. कुणाच्या घराण्यातच आजार होता. २२२ पैकी पटण्याजोगी प्रकरणं उरली ९८. त्यांतही निव्वळ गांजा-भांग हेच कारण, अशी फक्त ६१. म्हणजे एकूण रुग्णांच्या साडेचार टक्के. इस्पितळांच्या आकड्यांवर विसंबता येणार नाही, असा निर्वाळा आयोगाने दिला. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, अतिसेवन करणारे थोडे आहेत, तेव्हा बंदी नको, परवाने आणि कर यांनी आवर घालावा, अशी शिफारस केली.

तेव्हा ‘इंग्रजांनी बदनाम केलं’ म्हणणाऱ्या मित्राला मी हा अहवाल सांगतो. बदनामीची चौकशीही त्यांनीच केली होती. पण त्याला आणखी दोन गोष्टीही सांगतो. एक, करातून सरकारला उत्पन्न होतं, त्यामुळे बंदी नको हा निष्कर्ष सोयीचाही होता. दुसरी, तिघा हिंदी सदस्यांपैकी राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद या दोघांनी आपली वेगळी मतं नोंदवली. आणि ६१ म्हणजे शून्य नव्हे. त्या माणसांचं डोकं खरोखरच बिघडलं होतं.

पुढची पन्नास-साठ वर्षं अहवाल कपाटात राहिला आणि कायदे येत गेले. १९२५ च्या जिनिव्हा करारात गांजा आला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने आपल्याकडे भांगही परवान्याखाली आणली. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजा-चरस अफूच्या पंक्तीला बसवले. नुसतं पान मात्र त्या व्याख्येबाहेर ठेवलं. १९८५ साली आपल्या संसदेने अमली पदार्थविरोधी कायदा केला. त्यात फुलोऱ्याचा गांजा आणि चरस गुन्ह्याच्या कक्षेत आले, फुलोऱ्याशिवायचं पान राज्यांच्या हाती राहिलं. वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी परवानगीची वाट या कायद्यात ठेवलेली आहे. पण ती अरुंद आहे आणि बरीच वर्षं तिच्यावर फारसं कुणी चाललं नाही. साप समजून भुई धोपटण्यात संशोधनही धोपटलं गेलं.

दरम्यान, ओशॉनेसीला जे जमलं नव्हतं ते इस्रायलमध्ये राफाएल मेशूलाम यांनी केलं. त्यांनी संशोधनासाठी चरस मागितला तो थेट पोलिसांकडे. पोलिसांनी जप्त केलेला पाच किलो माल दिला आणि ते तो बसमधून घेऊन आले! १९६३ साली त्यांनी सीबीडी या घटकाची रचना उलगडली आणि १९६४ साली टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. नशा येते ती टीएचसीने, सीबीडीने येत नाही. एकाच झाडात दोन वेगवेगळी औषधं होती आणि शंभर वर्षं ती एकाच बाटलीत भरली जात होती. १९९२ साली त्यांच्या प्रयोगशाळेला मेंदूतच तयार होणारा, टीएचसीसारखं काम करणारा पदार्थ सापडला. त्याचं नाव ठेवलं ‘आनंदामाइड’. त्यातला आनंद आपल्या संस्कृतातला.

आता त्या कलकत्त्याच्या तान्ह्या मुलीकडे येऊ. १९८० साली ब्राझीलमध्ये फेफऱ्याच्या १५ रुग्णांवर एक छोटा प्रयोग झाला. आठ जणांना सीबीडी दिलं, सात जणांना औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. आठांपैकी चौघांचे झटके जवळजवळ थांबले. असा निकाल आला, तर शास्त्रज्ञांची झुंबड उडायला हवी होती. पण पुढची तीस वर्षं विशेष काही झालं नाही. गांजाचं नाव लागलं होतं ना! अखेर २०१७ साली ड्रॅव्हे सिंड्रोम या बालपणीच्या अवघड फेफऱ्याच्या १२० रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. सीबीडी घेणाऱ्यांचे महिन्याचे झटके साधारण १२ वरून ६ वर आले. दुसऱ्या गटाचे १५ होते, ते १४ वरच राहिले. २०१८ साली अमेरिकेने हे औषध मंजूर केलं. चाळीस दिवसांच्या मुलीची हकिगत आणि हे औषध यांच्यामध्ये पावणेदोनशे वर्षं गेली.

म्हणजे कट्ट्यावरचा पहिला मित्र जिंकला का? थांबा, दुसऱ्याचीही बाजू ऐकू. १९८७ साली स्वीडनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सैन्यभरतीला आलेल्या ४५,५७० तरुणांची पंधरा वर्षांची माहिती त्यात होती. भरतीपूर्वी पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट निघालं. २०१९ साली युरोपातल्या शहरांमधून आलेल्या अभ्यासात रोज कडक गांजा ओढणाऱ्यांत मनोविकाराची शक्यता जवळपास पाचपट दिसली. अमेरिकेत जप्त झालेल्या मालात १९९५ साली सरासरी ४ टक्के टीएचसी होतं, ते २०१४ पर्यंत १२ टक्क्यांवर गेलं. त्यामुळे १८९४ चा निर्वाळा आजच्या मालाला लावता येत नाही. कोवळ्या वयात ओढणाऱ्याला तर मुळीच नाही. सतराअठरा वर्षांच्या मुलाचा मेंदू अजून घडत असतो. आपल्याकडे ‘एम्स’च्या २०१९ च्या अहवालानुसार वर्षभरात गांजा-भांग घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख होते. त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना ती घातक ठरत होती किंवा सुटत नव्हती.

२०२० च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजा सर्वांत कडक यादीतून काढला. २७ विरुद्ध २५ मतांनी. भारताने बाजूने मत दिलं. जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेत परवान्याने लागवड सुरू झाली आहे. हे चांगलंच झालं. पण आता रकाना उलट्या बाजूने भरला जातो आहे. शिवाजी पार्कहून टॅक्सीने पाव तासाच्या अंतरावर परळचं टाटा रुग्णालय आहे. त्याच्या आसपास देशभरातून आलेले रुग्ण आणि त्यांची माणसं महिनोन्‌महिने राहतात. अशा हताश घरांना कुणीतरी फोनवर विजयाचं तेल सुचवतं. कॅन्सर जातो, मधुमेह जातो, संधिवात जातो! पी हळद आणि हो गोरी. माणसांवरच्या चाचण्यांत या तेलाने कॅन्सर बरा झाल्याचा पुरावा नाही. उलट्या, काही प्रकारच्या वेदना, काही प्रकारचं फेफरं, यांसाठी मात्र पुरावा आहे. आणि हे तेल निरुपद्रवीही नाही. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा परिणाम ते वाढवू शकतं, फेफऱ्याच्या काही गोळ्यांबरोबर यकृताला त्रास देऊ शकतं. म्हणून घरात कुणी घेत असेल तर रागावू नका, पण डॉक्टरांपासून लपवू नका. बाटली पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा.

आणि तेलाने बरं वाटलं असं कुणी म्हणालं, तर एवढं विचारा : त्याच महिन्यात आणखी काय काय चालू होतं? कुठली औषधं बदलली, केमो कधी झाली, झोप कशामुळे लागली? मुलगा अभ्यासात मागे पडला, गप्प राहू लागला आणि खिशात पुडी सापडली, तरी हेच विचारा. आधी काय झालं, नंतर काय झालं? १८९३ साली एका सरकारी आयोगाने २२२ अनोळखी माणसांसाठी ही चौकशी गावोगाव करवली. आपल्याला ती आपल्याच घरातल्या एका माणसाची करायची आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)